चंचल मुलाला वर्गात स्थान हवे

प्रत्येक वर्गात एखादा तरी विद्यार्थी असा असतो की, त्याचे नाव हजेरी घेताना एकदाच उच्चारले जाते आणि उरलेल्या दिवसभरात तक्रारीच्या स्वरात वीस वेळा. तो बाकावर स्थिर बसत नाही. प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच उत्तर ओरडून मोकळा होतो. शेजाऱ्याची पट्टी उचलतो, पेन्सिल हरवतो, दप्तर उघडे टाकून खिडकीपाशी जातो. गणित त्याला येते, परंतु पाचव्या उदाहरणापर्यंत तो पोहोचत नाही. अशा मुलासाठी आपल्या भाषेत शब्दांची मुळीच वाण नाही. व्रात्य, द्वाड, वांड, उनाड, अवखळ, खोडकर असे कितीतरी शब्द आपण सहज वापरतो. या सगळ्या शब्दांत मुलाविषयीचा निकाल आहे. पण तो असा का वागतो, हा प्रश्न त्यांपैकी एकातही नाही.

एक नासका आंबा सारी अढी नासवतो, अशी म्हण आहे. पालकसभेत अनेकदा ती या मुलांना लावली जाते. एका मुलापायी इतर एकोणचाळीस मुलांचे नुकसान का व्हावे? त्याला दुसऱ्या शाळेत धाडा, निदान वर्गाबाहेर तरी बसवा, असे सुशिक्षित पालकही म्हणतात. हे म्हणणे वरवर पाहता न्याय्य वाटते. तथापि ते न्याय्य नाही आणि शहाणपणाचेही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम हे पाहू या की, शाळा ही निवडक मुलांसाठी आहे काय? बडोद्यात राहणाऱ्यांनी तरी हा प्रश्न विचारू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि 1906 साली ती योजना सर्व संस्थानात लागू केली. सक्ती या शब्दाचा अर्थ आपण बहुधा पालकांपुरता घेतो, म्हणजे मुलाला शाळेत धाडलेच पाहिजे असा. परंतु सक्तीला दुसरीही बाजू आहे. जे मूल येईल त्याला शिकविलेच पाहिजे, ही शाळेवरील सक्ती होय. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत हीच गोष्ट देशभर मान्य केली. प्राथमिक शिक्षण पुरे होईतो मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, तसेच त्याला शारीरिक शिक्षा वा मानसिक छळ करता येत नाही, असे त्या कायद्याच्या सोळाव्या व सतराव्या कलमांत आहे.

आपल्यासारख्या शाळांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. महाराष्ट्राबाहेरच्या शहरांत मराठी माध्यमाच्या शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. येथून काढलेल्या मुलाला दुसरी मराठी शाळा सहसा मिळत नाही. ज्याला आपल्या घरच्या भाषेतील सूचनासुद्धा एका दमात ऐकणे अवघड जाते, त्याला परक्या माध्यमात लोटणे म्हणजे दुबळ्या खांद्यावर दुसरे ओझे लादणे होय. आणि मराठी टिकली पाहिजे असे व्यासपीठावरून सांगणारे आपण, मराठी बोलणारे एक मूल मात्र आपल्याच हाताने दाराबाहेर काढतो!

आता या चंचलतेचे स्वरूप पाहू. ही काही आजकालची टूम नव्हे. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 साली आपल्या व्याख्यानांत, बुद्धी शाबूत असूनही ज्यांना स्वतःला आवर घालता येत नाही अशा मुलांचे वर्णन केले होते. त्या काळच्या भाषेस अनुसरून त्यांनी याला नैतिक नियंत्रणातील दोष म्हटले. परंतु त्याचे मूळ केवळ वाईट संगतीत किंवा लाडात नसून शरीरात असावे, हेही त्यांनी ओळखले. पुढे या अवस्थेला अनेक नावे मिळाली. 1987 पासून एडीएचडी हे आद्याक्षरी नाव रूढ झाले. मराठीत त्याला अवधान-न्यूनता व अतिचंचलता असे म्हणता येईल. जगभरच्या पाहण्यांवरून शाळकरी वयाच्या शंभर मुलांत सुमारे पाच मुलांना हा त्रास असतो, असा अंदाज आहे. म्हणजे चाळीसांच्या वर्गात सरासरीने दोन मुले आली.

2007 साली अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 223 मुलांच्या मेंदूंच्या प्रतिमा इतर 223 मुलांच्या प्रतिमांशी ताडून पाहिल्या. मेंदूच्या बाह्य थराची जाडी वाढत जाऊन कमाल होते, तो टप्पा इतर मुलांत साधारण साडेसात वर्षांच्या वयात आला, तर या मुलांत साडेदहाव्या वर्षी. वाढीचा क्रम मात्र दोहोंत बहुतांशी सारखाच होता. लक्ष एकाग्र करणे, हालचालींना आवर घालणे, पुढचा विचार करणे, ही कामे मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडे असतात, तेथे हा विलंब अधिक आढळला. याचा अर्थ काय? मूल त्याच वाटेने चालले आहे. फक्त त्याचे पाऊल मागे आहे. दहा वर्षांच्या मुलाकडून दहा वर्षांचा संयम मागताना, त्याच्यापाशी कदाचित सात वर्षांचाच संयम असेल, याची जाणीव आपल्याला हवी. काहींची धावपळ वयाबरोबर कमी होते, काहींची अनवधानता मोठेपणीही उरते.

येथे एक सावधगिरीही हवी. प्रत्येक खोडकर मुलाला हे नाव चिकटवून मोकळे होणे, ही जुन्या शिव्यांचीच नवी आवृत्ती ठरेल. अपुरी झोप, रिकामे पोट, कानाने कमी ऐकू येणे, फळ्यावरचे न दिसणे, घरातील भांडण वा मृत्यू, वाचता न येण्याची दडवलेली लाज, यांपैकी कोणत्याही कारणाने मूल अस्वस्थ होते. कधी तर कारण केवळ वयाचे असते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लक्षांहून अधिक मुलांची पाहणी 2012 साली प्रसिद्ध झाली. तेथे शाळाप्रवेशाची वयोमर्यादा 31 डिसेंबरला मोजली जाते. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान असते. जानेवारीत जन्मलेल्यांच्या मानाने डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांत या विकाराचे निदान 30 टक्क्यांनी आणि मुलींत 70 टक्क्यांनी अधिक झालेले आढळले. म्हणजे नुसते लहान असणे हाच अनेकदा रोग मानला गेला! यास्तव निदान करण्याचा अधिकार तज्ज्ञ डॉक्टरांचा किंवा मानसशास्त्रज्ञांचा आहे. शिक्षकाचा नव्हे, शेजाऱ्यांचा तर नव्हेच. याउलट, गप्प बसून शून्यात पाहणारी मुलगी कोणालाच त्रास देत नाही, म्हणून तिच्या अडचणीकडे कोणाचे लक्ष जात नाही. तिचे अवधान हरपलेले असू शकते, हेही विसरता कामा नये.

‘खाली बस’ ही आपल्या शाळांतील बहुधा सर्वांत अधिक वेळा दिली जाणारी आज्ञा असेल. तिचा परिणाम काय होतो? 1968 साली अमेरिकेत मॅडसन, बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात हे मोजून पाहिले. शिक्षकांनी ‘खाली बसा’ असे अधिक वेळा सांगताच मुले क्षणभर बसत. परंतु एकंदरीत उभे राहणाऱ्यांचे प्रमाण वाढले. उलट, बसून काम करणाऱ्यांची प्रशंसा सुरू करताच ते घटले. कारण उघड आहे. ज्या मुलाला दिवसभरात कोणी चांगला शब्द बोलत नाही, त्याला रागावणे हेही लक्ष देणेच वाटते. आपण ज्याला पाणी घालतो ते रोप वाढते. आपण मात्र वर्षभर तणाला पाणी घालतो आणि पीक आले नाही म्हणून रागावतो.

तीच गोष्ट मधल्या सुट्टीची. काम अपुरे राहिले की, मधली सुट्टी किंवा खेळाचा तास बंद, ही शिक्षा सर्रास दिली जाते. ज्याच्या अंगाला हालचालीची सर्वांत अधिक गरज, त्याचीच हालचाल आपण तोडतो आणि पुढच्या तासाला तो अधिक बेचैन झाला की आश्चर्य करतो. अंगठे धरावयास लावणे किंवा बाकावर उभे करणे यांनी तर मुलाच्या मनात लाजेखेरीज काहीच शिल्लक राहत नाही.

मग करावे तरी काय? उपाय साधे आहेत. त्यांना पैसा फारसा लागत नाही, सातत्य मात्र लागते. अशा मुलाला दार-खिडकीपासून दूर, फळ्याजवळ, शांत सोबत्याशेजारी बसवावे. एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती त्याच्याकडून वदवून घ्यावी. दहा उदाहरणे एकदम न देता तीन, तीन व चार अशी द्यावीत व प्रत्येक टप्प्यावर वही पाहावी. फळा पुसणे, वह्या वाटणे, खडू आणणे, ही कामे मुद्दाम त्याच्याकडे सोपवावीत, म्हणजे त्याच्या उठण्याला एक प्रतिष्ठित कारण मिळते. दिवसाचे वेळापत्रक डोळ्यांसमोर असावे. शिक्षक व मूल यांच्यात एखादी खूण ठरलेली असावी. बाकावर हलकेच बोट टेकले की सावध व्हावयाचे, म्हणजे चारचौघांत नाव घेण्याची गरज उरत नाही. दोन-तीन ठरावीक गोष्टींची रोजची नोंद एका चिठ्ठीवर करून ती घरी पाठवावी आणि घरच्यांनी त्याच संध्याकाळी तिची दखल घ्यावी.

यावर एक आक्षेप येतो की, ही तर लाच झाली. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात ज्यांनी नव्या बालशिक्षणाचा पाया घातला, ते गिजुभाई बधेका शिक्षेइतकेच बक्षिसालाही विरोध करीत. मूल कामाच्या गोडीनेच काम करो, ही त्यांची इच्छा थोर होती. परंतु ज्याच्या ठायी दूरच्या फळाची वाट पाहण्याचे बळ अद्याप आलेले नाही, त्याला जवळचा टप्पा दाखविणे ही लाच नव्हे. चालावयास शिकणाऱ्याला आपण पांगुळगाडा देतो. पाय बळकट झाले की तो आपोआप सुटतो.

आता त्या एकोणचाळीस मुलांकडे वळू. त्यांचा शिकण्याचा हक्क खरा आहे. कोणी मारीत असेल, दगड फेकीत असेल, तर त्याला तत्काळ आणि ठामपणे रोखलेच पाहिजे. समजून घेणे म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. नियम सर्वांना आहेत. ते पाळावयास लागणारी मदत मात्र प्रत्येकाला सारखी लागत नाही. हाताची पाचही बोटे सारखी नसतात, म्हणून आपण करंगळी कापून टाकीत नाही. शिवाय वर सांगितलेल्या उपायांत इतरांचे नुकसान करणारे एक तरी आहे काय? स्पष्ट सूचना, लहान टप्पे, वेळेवर प्रशंसा, यांचा लाभ साऱ्या वर्गाला होतो. 1969 साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात संशोधकांनी चौथीच्या एका वर्गाचे दोन संघ पाडले, नियम मोडला की संघाच्या नावे खूण केली आणि कमी खुणा झालेल्या संघाला थोडी मोकळीक दिली. गोंधळ स्पष्टपणे घटला. दोन्ही संघांच्या खुणा ठरावीक मर्यादेच्या आत राहिल्या, तर दोघेही जिंकत. पुढे अनेक देशांत हा खेळ वापरला गेला. आंब्याच्या अढीत असे कधी घडत नाही. मुले आंबे नव्हेत; ती एकमेकांना नासवतात तशी सावरतातही.

पालकांना दोन शब्द. आपल्या मुलाविषयी शाळेने काही सांगितले, तर तो आपला अपमान समजू नका आणि घरी जाऊन मुलाला बडवू नका. ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणून वर्षे घालवू नका, तज्ज्ञांना दाखवा. औषधाचे नाव काढताच कित्येकजण घाबरतात, तर कित्येकांना ती जादूची गोळी वाटते. 1999 साली अमेरिकेत 579 मुलांवर चौदा महिने चाललेल्या अभ्यासात असे आढळले की, काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने चंचलता व अनवधानता केवळ वर्तनोपचारांपेक्षा अधिक कमी झाली. आणि दोन्ही एकत्र केल्यास औषधाची मात्रा कमी पुरली. औषध द्यावयाचे की नाही, हे डॉक्टरांनी मूल पाहून ठरवावयाचे आहे. पण औषध घेणाऱ्या मुलालाही समजूतदार शिक्षक आणि धीर धरणारी आई लागतेच.

आणि विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे सांगणे तुम्हाला आहे, कारण या बाबतीत तुमच्या हाती शिक्षकांहून अधिक सत्ता आहे. शिक्षक त्याच्याजवळ तासाभरापुरते असतात. तुम्ही दिवसभर असता. त्याला चिडवून उठावयास लावणे आणि मग ‘बाई, हा बघा’ म्हणून ओरडणे, यात शौर्य नाही. त्याची पेन्सिल हरवली तर आपली द्या, कोणते पान काढावयाचे ते बोटाने दाखवा, खेळात त्याला शेवटी उरलेला गडी करू नका. आणि तुमच्यापैकी ज्याला स्वतःलाच स्थिर बसता येत नसेल, त्याने एवढे ध्यानात ठेवावे की, तू वाईट नाहीस. तुझे काम इतरांपेक्षा कठीण आहे, इतकेच. आणि कठीण कामासाठी मदत मागण्यात कमीपणा नसतो.

वर्गाची परीक्षा पहिल्या क्रमांकाच्या मुलावरून होत नाही. तो कोणत्याही वर्गात पहिलाच येईल. वर्गाची खरी परीक्षा होते ती, ज्याला तेथे टिकून राहणे सर्वांत अवघड आहे, तो वर्षाअखेरीस तेथे आहे की नाही, यावरून. यंदाच्या हजेरीपटावर जून महिन्यात जी नावे लिहिली गेली, ती सारी पुढच्या इयत्तेच्या पटावरही दिसोत.