औषध आहे, पण रांगेत उभे कोण राहणार?

(द्वितीय वर्ष, कला)

१ डिसेंबर रोजी आपल्या महाविद्यालयाच्या रेड रिबन क्लबने रांगोळी स्पर्धा घेतली. विषय अर्थातच एड्स. माझ्या रांगोळीला तिसरा क्रमांक मिळाला. प्रमाणपत्र आईला दाखविले, तर ती काही न बोलता चुलीपाशी जाऊन बसली. रात्री तिने सांगितले की, माझा मामा काविळीने गेला नव्हता.

मामा २०१५ साली वारला, तेव्हा मी चौथीत होते. तो ट्रकवर ड्रायव्हर होता. गावात सर्वांना कावीळच सांगितली, आणि आम्हां मुलांनाही तेच. मामीलाही ती लागण आहे. हे सर्व मी तिला विचारूनच लिहीत आहे. ती म्हणाली, "लिही पोरी, पण गावाचं नाव घालू नको." मी ते घातलेले नाही. खरे म्हणजे मला जे सांगायचे आहे ते सर्व तिच्या या एका अटीत आहे.

मुलीने हा विषय कशाला घेतला, असे काही मैत्रिणींनी विचारले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मग हे मी नाही तर कोणी लिहायचे?

मामाला औषध मिळाले नाही म्हणून तो गेला, असे प्रथम मला वाटले होते. परंतु १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली आहे. मामालाही ती मिळत होती. आठ महिने त्याने ती नियमाने घेतली. एके दिवशी दवाखान्यातील एका कर्मचाऱ्याने केसपेपर हातात घेऊन त्याचे नाव आणि आजार भर व्हरांड्यात मोठ्याने पुकारला. शेजारच्या रांगेत आमच्याच आळीतला माणूस होता. त्यानंतर मामा त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढला नाही. दोन वर्षांत खेळ संपला.

आता देशाचे धोरण पाहू. आपल्याकडे पहिले रुग्ण १९८६ साली मद्रासमध्ये सापडले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे 'नाको' स्थापन झाली. तेव्हापासून एकामागून एक टप्पे झाले. २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी सुमारे १५,४७२ कोटी रुपये मंजूर झाले. हा पैसा वाया गेला असे कोणी म्हणू नये. २०१० च्या तुलनेत २०२३ पर्यंत नव्या लागणी चाळीस टक्क्यांहून अधिक घटल्या. पूर्वी रक्तातील पेशी ठराविक आकड्याखाली घसरेपर्यंत औषध सुरू करीत नसत. २०१७ पासून मात्र लागण आढळली की लगेच औषध, असे ठरले. नियमित औषधाने विषाणूचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके खाली गेले, तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हेही आता सिद्ध झाले आहे. आमच्या पोस्टरवर मात्र अजून कवटी आणि हाडेच!

पण नाकोच्याच २०२४ च्या सुमाराच्या आकड्यांत एक गोष्ट दिसते. देशात या विषाणूसह जगणारी माणसे सुमारे २५ लाख, आणि सर्वांत अधिक महाराष्ट्रात. या शंभरांतील सुमारे ८१ जणांनाच आपली लागण ठाऊक आहे. ठाऊक असलेल्यांपैकी ८८ टक्के औषधावर आहेत, आणि औषधावर असलेल्यांपैकी तब्बल ९७ टक्क्यांचा विषाणू दबलेला आहे. म्हणजे औषध हरत नाही. माणूस औषधापर्यंत पोहोचत नाही, तिथे आपण हरतो.

हे मी वर्गातील चर्चेत मांडले, तेव्हा एक मित्र म्हणाला, "मग सर्वांची सक्तीने चाचणी करा आणि नावे जाहीर करा. लोक सावध तरी राहतील." टाळ्याही पडल्या. त्या मित्राला मी गोव्याची हकिगत सांगितली. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात विषाणू आढळला. तो नियमित रक्तदान करणारा होता, त्यातूनच हे कळले. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन पोलिसांनी त्याला नेले आणि ६४ दिवस एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकटे कोंडून ठेवले. ज्याने आपण होऊन रक्त दिले, त्यालाच कोंडल्यावर पुढचा माणूस आपण होऊन तपासणीला येईल काय? डॉमिनिक सुटला, झगडला आणि १९९२ मध्ये गेला.

सक्तीने काय होते हे देशाला कळले असावे, कारण २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा नेमकी उलटी वाट धरतो. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीवाचून चाचणी नाही, संमतीवाचून कोणाची माहिती उघड करायची नाही, नोकरी, शाळा, दवाखाना येथे भेदभाव नाही, आणि तक्रारीसाठी प्रत्येक राज्यात लोकपाल. कायदा उत्तम आहे. पण व्हरांड्यात नाव पुकारणाऱ्याला तो कोणी वाचून दाखविला आहे का? आणि ज्याचे नाव पुकारले गेले, तो लोकपालाकडे जाऊन तेच नाव पुन्हा सांगेल का?

म्हणून माझ्या अल्पमतीला वाटते की पुढच्या टप्प्यात पैसा पोस्टरपेक्षा व्हरांड्यावर खर्च व्हावा. वेगळी खोली आणि तिच्यावर मोठी पाटी कशाला? ताप-खोकल्याच्या रुग्णांना जी खिडकी, तीच यांनाही द्यावी. प्रकृती स्थिर असलेल्यांना एकदम काही महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात. याची सोय आहे, पण ती तालुक्याच्या गावीही मिळाली पाहिजे. आणि शाळेतील शिक्षण? २००७ मध्ये आपल्या राज्याने शाळांतील लैंगिक शिक्षण बंद केले. संस्कृती बिघडते, असे म्हणे. आम्ही मुलींनी मग जे ऐकले ते एकमेकींच्या कानात, आणि त्यातले निम्मे चुकीचे.

आपल्या क्लबविषयीही थोडे. वर्षातून एक रांगोळी पुरे नाही. चाचणी कोठे होते, ती मोफत व गुप्त असते, १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता फुकट विचारता येते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होते? मी स्वतः तिसरा क्रमांक मिळवूनही मला माहीत नव्हते! प्राध्यापकांनी याचा राग मानू नये.

मामी आज रोज एक गोळी घेते, शेतात राबते, आणि तिचा विषाणू दबलेला आहे. औषध आणायला ती शेजारच्या जिल्ह्यात जाते. दोन एसटी बदलते. गावात सांगते, लेकीकडे चालले. तिची पुढची तारीख परीक्षेनंतर आहे. या वेळी मी तिच्याबरोबर जाणार आहे.