मोतीबिंदूचा छेद : जागाही महत्त्वाची

सुगी आटोपली की नेत्रशिबिरांचे दिवस येतात. मोतीबिंदू काढून घेतलेला एखादा शेतकरी मागाहून म्हणतो, "उजेड आला, पण भात कोणते नि तण कोणते ते उमगत नाही." लगेच दोष हाताने केलेल्या शस्त्रक्रियेला दिला जातो. आम्हांला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. छेद केवढा, कसा व कोठे घेतला, हेही पाहिले पाहिजे.

पूर्वी १० ते १२ मिलिमीटरचा छेद घेऊन टाके घालीत. टाका घट्ट बसला की बुबुळावरील पारदर्शक पडद्याची गोलाई बिघडे. चेंडूसारखा पडदा अंड्यासारखा झाला की वस्तू पसरट, अंधुक दिसते. यालाच अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. लहान छेदाच्या पद्धतीत डोळ्याच्या पांढऱ्या भागातून ६ ते ७ मिलिमीटरचा बोगदा करतात. तो आतल्या दाबाने मिटतो. टाके सहसा लागत नाहीत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पुण्यातील तुलनेत सहा आठवड्यांनी चष्म्याविना ६/१८ किंवा अधिक चांगली नजर जुन्या पद्धतीत शेकडा ३७ जणांना, तर लहान छेदाच्या पद्धतीत शेकडा ४८ जणांना लाभली. दोन्ही पद्धती हातच्याच!

तरीही छेदाच्या दिशेने पडदा थोडा चपटा होतोच. छेद वरून घेतला तर उभ्या दिशेने, कानाच्या बाजूने घेतला तर आडव्या दिशेने. उतारवयात पुष्कळांचा पडदा उभ्या दिशेने आधीच चपटा असतो. त्यांच्यात वरचा छेद दोष वाढवितो, कानाकडचा कमी करतो. टोके बुबुळापासून दूर वळविलेला कमानदार छेद सरळ छेदापेक्षा बरा.

शिबिरात सर्जनने प्रत्येक रोग्यामागे बसण्याची बाजू बदलणे गैरसोयीचे असते, हे आम्ही जाणतो. परंतु चष्मा न लावता चिखलात राबणाऱ्याला ही गैरसोय फार मोलाची आहे. म्हणून आमचे मत असे की, शस्त्रक्रियेपूर्वी पडद्याच्या गोलाईचे माप घ्यावेच व त्यावरून छेदाची जागा ठरवावी.

आपलेही एक कर्तव्य आहे. पुण्याच्या त्याच पाहणीत योग्य चष्मा दिल्यावर दोन्ही पद्धतींत शेकडा ८५ हून अधिक जणांना तेवढी नजर मिळाली. तेव्हा शेतीची कितीही घाई असो, सहा आठवड्यांची तपासणी चुकवू नये.