कायमची नोकरी आणि फिरते चाक

आपल्याकडे नोकरीला 'कायमची' हा शब्द जोडला गेला की पुढे कोणी काही विचारीत नाही. काम कसले, पगार किती, माणूस त्यात रमतो की नाही, हे सारे प्रश्न त्या एका शब्दाखाली झाकले जातात. लग्नाच्या बोलणीत तर या शब्दाला सातबाराच्या उताऱ्याइतके मोल! म्हणूनच अशी नोकरी सोडून कोणी ट्रक चालवायला निघाला, तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरते. यंदा दिवाळीच्या सुटीत ती शांतता मी आमच्याच घरी अनुभवली.

माझा मोठा भाऊ आमच्या तालुक्यातल्या एका सूतगिरणीत चार वर्षांपासून आहे. महिन्याला १६,००० रुपये हातात पडतात. वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर रोजंदारी केली, त्यामुळे दादाची पगाराची चिठ्ठी आमच्या घरात देवासारखीच. आई ती खरोखर देवाच्या फळीवर ठेवते. असा हा दादा भाऊबीजेच्या रात्री जेवताना म्हणाला, "नाना, मी गिरणी सोडावी म्हणतो. हेवी लायसन हातात आहे. धुळ्याचा एक मालक गाडी द्यायला तयार आहे. पगार-भत्ता मिळून पंचवीस हजार सुटतील." नाना हात धुवायला उठले ते परत पानावर आलेच नाहीत. मग दादा माझ्याकडे वळला. "तू कॉलेजात शिकतेस ना? मग सांग, मी चुकतोय का?"

मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. खरे कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. माझी खानावळ आणि पुस्तके त्या १६,००० रुपयांतूनच चालतात. ज्या पगारावर आपले पोट, त्या पगाराविषयी निःपक्षपातीपणे बोलणे कठीण असते. 'दादा, सोडू नकोस' हे माझ्या ओठांवर आले होते, पण ते त्याच्या हितासाठी होते की माझ्या, हे मलाच ठरवता येईना. म्हणून सुटीचे उरलेले दिवस मी दोन्ही बाजू समजून घेण्यात घालवले. त्यातून जे मत बनले, ते येथे मांडते.

प्रथम गिरणीची बाजू. पाळी बदलली की झोप बदलते, यंत्रांच्या घरघरीमुळे दादा घरीही मोठ्यानेच बोलतो, आणि कितीही झटकले तरी कपड्यांतून रुईचे तंतू जात नाहीत. पण आठ तास भरले की तो सुटतो. फंडात त्याचे बारा टक्के जातात, तेवढाच वाटा मालकाला घालावा लागतो. सलग पाच वर्षे भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. दादाला त्यासाठी आठ महिने उरले आहेत. उद्या तो आजारी पडला तर घर लगेच उघड्यावर येणार नाही. याची किंमत पगाराच्या आकड्यात दिसत नाही.

मग त्याला जायचे का आहे? केवळ नऊ हजार जास्त मिळतात म्हणून नव्हे. सुटीच्या दिवशी तो शेजाऱ्यांचा टेंपो भरून कांदा मार्केटला नेतो, तेव्हाचा त्याचा चेहरा मी पाहिला आहे. चढावर गिअर कुठे बदलायचा, भरलेली गाडी कुठे कलते, ताडपत्रीचा दोर कसा आवळायचा, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. गिरणीत तो चार वर्षे आहे, पण तेथे त्याचे हे अंगचे कसब कोणाच्या उपयोगी पडत नाही. 'शिकला नाहीस तर ड्रायव्हर होशील' असा धाक आपण मुलांना घालतो. २०१९ साली अशा परवान्यासाठीची आठवी पासची अट निघाली, तेव्हा तर हे अडाण्याचे काम यावर जणू शिक्कामोर्तबच झाल्यासारखे पुष्कळांना वाटले. मला हे मान्य नाही. वीस-पंचवीस टन माल रात्रीच्या अंधारात घाटाखाली सुखरूप उतरवणे ही विद्याच आहे.

परंतु विद्या असणे वेगळे आणि तिचा मोबदला पदरात पडणे वेगळे. आमच्या गल्लीत एक वृद्ध काका राहतात. तीस वर्षे त्यांनी आग्रा रोडवर गाडी चालवली. त्यांना मी विचारले, तर ते म्हणाले, "पोरी, पगार काय विचारतेस? गाडी उभी राहिली तर कोण देतो, ते विचार." मग त्यांनी उलगडून सांगितले. माल खाली व्हायला गोदामाबाहेर दोन-दोन दिवस रांगेत काढावे लागतात. परतीचे भाडे मिळेपर्यंत परगावी पडून राहावे लागते. जेथे खेपेवर हिशेब असतो, तेथे हे दिवस फुकट जातात. मालक डिझेल मोजून देतो. वाचले तर चालकाचे, जास्त लागले तर त्याच्या भत्त्यातून. मग डिझेल वाचवायला कोणी उतारावर गाडी न्यूट्रल करतो. त्याने इंजिनाचा धरबंद सुटतो, सारा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही.

घाट उतरणारी गाडी हाताबाहेर गेली तर काय होते, हे आम्हा धुळे जिल्ह्यातल्या लोकांना सांगायला नको. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरला ब्रेक निकामी झालेला ट्रक वाहनांना धडक देत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसे गेली. प्रत्येक अपघाताचे कारण एकच नसते हे मी जाणते. पण अशा बातम्या वाचताना आपण चालकाला शिव्या देतो. तो किती तास जागा होता, ब्रेक शेवटचे कधी तपासले होते, हे विचारीत नाही.

तासांवरून आठवले. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, अशी मर्यादा त्यात होती. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता. एका-दोन गाड्यांचा मालक आणि त्याचा चालक त्याच्या बाहेरच राहिले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालगाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट आहे. रस्त्यावर आधीपासून धावणाऱ्या गाड्यांची केबिन मात्र मे महिन्यात भट्टीच राहणार. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी चाके थांबवली, तेव्हा शहरोशहरी पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या तरतुदीला त्यांचा विरोध होता. पळणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण जमाव आधी चालकालाच मारतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या दोन दिवसांत सर्वांना ड्रायव्हर आठवला. तिसऱ्या दिवशी सारे विसरले!

मग माझे मत काय? नोकरी सोडणे चूक नाही; न विचारता सोडणे चूक आहे. मी दादाला एका कागदावर तीन प्रश्न लिहून दिले. गाडी उभी राहील त्या दिवसांचे पैसे मिळतील का? टायर फुटला, दंड झाला, माल ओला झाला, तर तो कोणाच्या पगारातून जाईल? आणि झोप येत असताना 'आता गाडी पुढे नेणार नाही' असे म्हणता येईल का? या तिन्हींची उत्तरे मालकाने चारचौघांत द्यावी, शक्य तर लिहून द्यावी. तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर पंचवीस काय, पन्नास हजारांसाठीही जाऊ नये. आणि उत्तरे मनासारखी आली तरी ते आठ महिने गिरणीत काढून, ग्रॅच्युइटी पदरात घेऊनच निघावे.

कागदाच्या खाली मी आणखी एक ओळ लिहिली : 'माझ्या खानावळीचा विचार यात धरू नकोस.' ती लिहिताना हात जड झाला, हे खोटे का सांगू? पण पुढच्या वर्षी मी सकाळच्या कॉलेजनंतर शिकवण्या घेऊ शकते. भावाने तीस वर्षे मन मारून काढावी आणि बहिणीने त्यावर पदवी मिळवावी, असे शिक्षण मला नको.

दादाने अजून ठरवलेले नाही. कागद घडी घालून त्याने खिशात ठेवला आणि रात्रपाळीला गेला. नानांनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मला हळूच विचारले, "तो तिसरा प्रश्न काय होता गं?" मी सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "असं विचारायचं असतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही."