वाचलेला तास मुलांचा



2025 ची दिवाळी धाराशिव जिल्ह्याला जड गेली आहे. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने उभी पिके गेली, कित्येक ठिकाणी जमिनी खरवडल्या, घरांबरोबर मुलांची दप्तरेही भिजली. सोयाबीनवर भिस्त असलेल्या घरांपुढे आता एकच वाट उरते, ती म्हणजे कोयत्याची. म्हणूनच या वर्षीच्या संपादकीयाची सुरुवात ऊसतोडीपासून करावी लागते, विषय शाळेचा असला तरी.

दिवाळीच्या तोंडावर जिल्ह्यातल्या ढोकी परिसरात दोन कामांची घाई एकदमच उडते. एकीकडे गळीत हंगामाची तयारी चालते. टोळ्या ठरतात, उचल दिली-घेतली जाते, गाड्या सज्ज होतात. आपल्या जिल्ह्यातली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि इकडच्या फडांजवळ बाहेरगावच्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. दुसरीकडे शाळेचे पहिले सत्र संपते. पेपर तपासायचे, गुण ऑनलाइन भरायचे, प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या, पोषण आहाराचा हिशेब जुळवायचा.

या दोन्ही घाईंत सापडतो तो जिल्हा परिषद शाळेचा शिक्षक. टोळीबरोबर निघालेल्या लेकराला आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवा, म्हणून घरोघर विनवायचे ते गुरुजींनी नि बाईंनीच. मूल गेलेच, तर जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड द्यायचे तेही त्यांनीच. आणि नेमक्या याच आठवड्यांत केंद्रशाळेच्या व्हॉट्सॲप गटावर ‘माहिती आज पाचपर्यंत सादर करा’ असा निरोप येऊन पडतो. कार्यालयाला माहिती वेळेत मिळते. तोवर मूल मात्र गावाची शीव ओलांडून गेलेले असते.

यंदाच्या दिवाळी अंकाच्या केंद्रस्थानी शिक्षकाचे काम आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय ठेवला, तो शिक्षकाचा हा वेळ वाचावा यासाठीच.

शिक्षकावरचा भार बाहेरच्याला दिसत नाही. द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीचे चार वर्ग दोघांनी सांभाळायचे. त्यातल्या एकाकडे मुख्याध्यापकपदाचा प्रभार. सरल, यू-डायस प्लस, शालार्थ ही पोर्टले, आधार पडताळणी, अपार क्रमांक, हजेरीचे ॲप, आहाराचे पोर्टल, शिवाय मतदार यादीचे काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपू नये असे 2009 सालीच सांगून ठेवले आहे. पण कायद्याने मोकळ्या ठेवलेल्या त्या तीन वाटाच किती रुंद आहेत! 2027 ची जनगणना समोर उभी आहे. त्यात 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले आहे. दिवसभर शिकवून, रात्री पोर्टल भरून, मग परीक्षेचा अभ्यास करायचा, ही आज अनेक घरांतली स्थिती आहे.

अशा वेळी यंत्राची मदत नाकारणे हा करारीपणा नव्हे. टाचणाचा पहिला मसुदा, एकाच पाठावर तीन पातळ्यांचे सराव प्रश्न, चार पानी परिपत्रकातली नेमकी करायची कामे, पालकसभेचे निमंत्रण, ही कामे आज मोबाइलवर काही क्षणांत होतात. बहुवर्ग अध्यापनात तर हे मोलाचे आहे. ‘पाणी’ हा घटक शिकवताना अजून अक्षरे जुळवणाऱ्याला चित्रांचा खेळ, वाचता येणाऱ्याला छोटा उतारा आणि पुढे गेलेल्याला गावच्या पावसाच्या नोंदीवरची गणिते, असे तीन कागद एकाच वेळी हाताशी असले, तर शिक्षकाला त्या तिघांजवळ बसायला सवड मिळते.

हे नुसते स्वप्नरंजन नाही. शेजारच्या कर्नाटकात मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि शिक्षणा फाउंडेशन यांनी ‘शिक्षा कोपायलट’ हे साधन सरकारी शाळांतल्या शिक्षकांबरोबर तपासले. ते राज्याच्या पाठ्यपुस्तकाचा आधार घेऊन कन्नड आणि इंग्रजीतून पाठाचे नियोजन करून देते आणि शिक्षक त्यात बदल करतो. इंग्लंडमध्ये 68 शाळांतल्या 259 विज्ञान शिक्षकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2024 च्या अखेरीस आले. चॅटजीपीटी वापरणाऱ्यांचा पाठनियोजनाचा वेळ 31 टक्क्यांनी घटला आणि साहित्याचा दर्जा उतरल्याचे दिसले नाही. आठवड्याचा हिशेब केला तर वाचली ती सुमारे 25 मिनिटे. आकडा लहान वाटेल. पण 25 मिनिटांत एका घरी जाऊन एका आजीला समजावता येते.

आपल्याकडे कृत्रिम बुद्धिमत्ता उसाच्या फडात पोहोचलीच आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उपग्रह आणि जमिनीतल्या सेन्सरच्या आधारे उसाला पाणी-खत किती द्यावे हे सांगणारा प्रयोग केला. राज्याने जून 2025 मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी 500 कोटींचे धोरण मंजूर केले. उसासाठी जी तत्परता दाखवली, ती ऊस तोडणाऱ्याच्या लेकराच्या शाळेसाठीही हवी, एवढीच आमची मागणी आहे.

मात्र डोळे उघडे ठेवून. पहिला धोका नोंदींचा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन 2010 साली आले, तेव्हा प्रत्येक मुलाकडे बारकाईने पाहून त्याच्याविषयी लिहावे, हा वर्णनात्मक नोंदींमागचा हेतू फार चांगला होता. वेळ न मिळाल्याने पुढे काय झाले? तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि एकच वाक्य हजारो मुलांच्या नावापुढे उतरले. आता यंत्र हेच काम अधिक सफाईने करील, प्रत्येक मुलासाठी वेगळे, सुबक आणि तरीही न पाहता लिहिलेले वाक्य देईल. जी नोंद कोणी वाचणार नाही, ती यंत्राकडून लिहून घेण्यापेक्षा बंद करणे केव्हाही बरे. कागद यंत्राच्या हवाली करण्याआधी तो लागतो का, हे विचारले पाहिजे.

दुसरा धोका मुलांच्या माहितीचा. नावे, आधार क्रमांक, जात, आजारपण यांतले काहीही अशा साधनांत टाकता कामा नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व मांडले आहे. ते शाळेपर्यंत सोप्या मराठीत पोहोचवणे शासनाचे काम आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. यंत्राची मराठी छापील, प्रमाण वळणाची असते. तांड्यावरून पहिलीत आलेल्या मुलाला ती परकीच. उमरगा तालुक्यातल्या जगदंबानगरच्या जिल्हा परिषद शाळेतले उमेश खोसे यांनी पाठ्यपुस्तक बंजारा बोलीत आणले, 2021 चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कारापर्यंत मजल मारली. दोघांनीही तंत्र हाती घेतले ते समोरच्या मुलाला काय कळत नाही, हे आधी ओळखून. ती ओळख कोणतेही यंत्र आयती देत नाही.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने तीन गोष्टी आग्रहाने मांडतो. एकदा भरलेली माहिती शिक्षकाला पुन्हा भरायला लावू नये. कार्यालयांनी ती एकमेकांकडून घ्यावी. पाठ्यपुस्तकांवर आधारलेले, कमी नेटवर्कमध्ये चालणारे मराठी साधन शासनाने स्वतः मोफत द्यावे, त्याची पारख वर्गात शिकवणाऱ्यांकडून करून घ्यावी. आणि तिसरी, आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी: यंत्रामुळे जो वेळ वाचेल, त्या जागी नवे पोर्टल येऊ नये. तो वेळ मुलांचा आहे. तो दुसऱ्या कामाने भरला, तर साधन कितीही हुशार असो, शाळेच्या पदरी काही पडणार नाही.

पुढे कधी या साधनांचा आढावा घ्यायची वेळ आली, तर किती शिक्षकांनी ॲप उतरवून घेतले हे मोजू नये. दिवाळीच्या सुट्टीआधी पटावर असलेली किती मुले मार्चमध्ये वर्गात बसलेली आहेत, ते मोजावे.