गडचिरोलीच्या माणसाने १९३० चा कागद आणायचा कुठून?

गडचिरोली जिल्हा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, छत्तीसगड आणि तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत तो नक्षलवाद आणि लोहखनिज एवढ्यापुरताच येतो. या मुलखाला इतिहास आहे आणि तोच इतिहास आज इथल्या गरीब माणसाच्या मुळावर आला आहे, हे मात्र कोणी लिहीत नाही. वनहक्काच्या दाव्यांचे कागद चाळताना आम्हाला ते वारंवार दिसते.

वनहक्क कायदा २००६ चा. आदिवासी दावेदाराने जमिनीवरचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असल्याचे दाखवायचे. दावेदार आदिवासी नसेल तर कायदा त्याला 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणतो आणि त्या तारखेच्या आधी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करायला लावतो. उलटे मोजले की १३ डिसेंबर १९३० ही तारीख येते. गडचिरोलीत या वर्गात बौद्ध येतात, ढिवर येतात, कुणबी-तेली येतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार. त्यात आदिवासी ३८ टक्क्यांहून अधिक आणि अनुसूचित जाती सुमारे ११ टक्के. हे ११ टक्के काही काल-परवा जंगलात शिरलेले नाहीत.

आता १९३० साली इथे काय होते ते पाहू. गडचिरोली जिल्हा नव्हता, तो चांदा जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. महाराष्ट्र राज्यही नव्हते. चांदा मध्यप्रांतात होता, १९५० ला तो मध्यप्रदेशात गेला, १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात. त्याआधी गोंड राजांचा चांदा नागपूरच्या भोसल्यांनी घेतला होता आणि भोसल्यांचे राज्य डलहौसीने खालसा केले. दक्षिणेकडच्या सिरोंचाची कथा तर आणखी वेगळी. गोदावरीच्या डाव्या तीरावरचा हा मुलूख १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला. त्यांनी 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा केला, सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे. १८७४ मध्ये तो जिल्हाच मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडले गेले. आजही तिथे घरात तेलुगू बोलतात, कोर्टात मराठी. जिल्ह्याचे ठाणे तिथून दोनशे किलोमीटरच्या आसपास. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावतीच्या संगमावरचे भामरागड तर पावसाळ्यात पुराने तुटते. राज्य बदलले, प्रांत बदलला, जिल्हा बदलला. दप्तरे या गावाहून त्या गावाला हलली. माणूस तिथेच राहिला, आणि पुरावा मागायचा तो त्याला!

बरे, कागद तरी कोणाच्या नावाने झाला असता? पूर्व भागात जमीनदाऱ्या होत्या, अहेरीची सर्वांत मोठी. जंगलावर जमीनदाराचा हुकूम चाले आणि रयत कसत होती ती त्याच्या मर्जीने. मध्यप्रदेशच्या कायद्याने १९५१ मध्ये जमीनदारी-मालगुजारी संपली तेव्हा जंगल सरकारजमा झाले, आणि पिढ्यानपिढ्या कसणारा माणूस एका रात्रीत 'अतिक्रमणधारक' ठरला. ज्याला कागद कधी मिळालाच नाही, त्याच्याकडे कागद नाही हा त्याचा गुन्हा कसा?

इथे एक गोष्ट आमच्या समाजाने नीट ध्यानात घ्यावी. विदर्भात जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात सापडतात. गावोगाव फिरून त्या नोंदी ठाण्यात पोचवणारा कोतवाल अनेक गावांत महार असे. म्हणजे ज्याने सगळ्या गावाच्या अस्तित्वाचा पुरावा पाठीवर वाहिला, त्याच्याच नातवाला आज 'तुम्ही इथले कशावरून' असे विचारतात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. त्यानंतरच्या कागदांत अनेकांनी 'बौद्ध' लिहिले. आधीची नोंद एका नावाची आणि नंतरची दुसऱ्या नावाची असली की बाबू मंडळी शंका काढतात. ती शंका वंशावळीने दूर करता येते.

कायदा मुळात इतका कठोर नाही, कठोर आहेत ते राबवणारे. एका उपविभागीय कार्यालयात आम्हाला सांगण्यात आले की, ७५ वर्षांपूर्वीचा त्याच जमिनीचा उतारा आणा. असे कायद्यात कुठेही नाही. ७५ वर्षांची अट वास्तव्याची आणि जंगलावरच्या अवलंबनाची आहे. त्या विशिष्ट तुकड्याचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला की पुरे. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. तीत गॅझेटिअर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल आहेत, तशीच घरे, बांध, स्मशानभूमीही आहे. दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबसुद्धा चालतात. एकापेक्षा जास्त पुरावे जुळले की त्यांचा विचार करणे समितीवर बंधनकारक आहे. आजोबांनी बांधलेली बोडी हा पुरावा आहे, साहेब!

याच जिल्ह्यात सुरजागडच्या डोंगरावरील लोहखनिजासाठी २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मंजूर झाला. तेव्हा पट्टा घेणाऱ्याला तीन पिढ्यांचे वास्तव्य कोणी विचारले नव्हते.

दावा फेटाळला तर काय होते, हे १३ फेब्रुवारी २०१९ ला दिसले. दावे नामंजूर झालेल्यांना जंगलातून बाहेर काढावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना दिला. देशभर ओरड झाल्यावर २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने तो थांबवला आणि दावे कोणत्या पद्धतीने फेटाळले याची माहिती राज्यांकडून मागवली. नामंजुरीचा एक शेरा म्हणजे नुसता शेरा नसतो, त्याच्या मागे एक घर असते.

काही पुढारी या प्रश्नाला आदिवासी विरुद्ध बौद्ध असा रंग देतात. आम्हाला तो मान्य नाही. आदिवासींवर शतकभर झालेला अन्याय कायद्याने कबूल केला हे योग्यच झाले, त्यांच्या हक्कातला तुकडा आम्ही मागत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो ग्रामसभेच्या एकीमुळे. मिश्र वस्तीच्या गावांतही दाव्याची पहिली छाननी ग्रामसभाच करते. आदिवासी शेजाऱ्याने 'हे आमच्या आजोबांपासून इथे आहेत' असे सांगून अंगठा उठवला, तर त्या जबाबाला कायद्यात किंमत आहे. भांडण लावून देणाऱ्यांना नेमके हेच नको आहे.

ज्यांचे दावे नामंजूर झाले त्यांनी आधी नामंजुरीच्या आदेशाची कारणांसह नक्कल मागावी. कोतवाल बुक, मिसल बंदोबस्त, वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक यांच्या नकलांसाठी अर्ज करावेत. १९८२ पूर्वीचे बरेच कागद चंद्रपूरला शोधावे लागतात, तेव्हा एकेकट्याने भाड्याचे पैसे घालवू नयेत. गावाने मिळून दोन शिकलेली पोरे पाठवावीत. म्हाताऱ्या माणसांचे जबाब मात्र याच महिन्यात लिहून घ्यावेत.