विमाने भंगारात जाण्यापूर्वी

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश येथे एक कारखाना आहे. जुन्या डग्लस विमानांना नवी टर्बाइन इंजिने बसवून ती पुन्हा उपयोगात आणणे, हा त्याचा व्यवसाय. २०१५च्या सुमारास त्या कारखान्याच्या आवारात एक सी-४७ मालवाहू विमान आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे होते. त्याचे मूळ अनुक्रमांक ४२-९२८४७. एका वैमानिकाचा इतिहास शोधणाऱ्या अभ्यासकाला जुन्या कागदपत्रांत हाच क्रमांक सापडला आणि उलगडा झाला. ६ जून १९४४च्या पहाटेपूर्वी नॉर्मंडीवर छत्रीधारी सैनिक उतरविण्यासाठी आठशेहून अधिक वाहतूक विमानांचा जो मुख्य ताफा निघाला, त्याच्या अग्रभागी असलेले विमान ते हेच! त्याच्या नाकावर रंगविलेले नाव होते, ‘दॅट्स ऑल, ब्रदर’. हिटलरला उद्देशून लिहिलेला तो निरोप होता. मराठीत सांगायचे तर, ‘संपले रे भाऊ तुझे!’

कमेमोरेटिव्ह एअर फोर्स या प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या संस्थेने हे विमान वाचविण्याचे ठरविले. लोकांकडे ७५ हजार डॉलर मागितले; आले तीन लाखांहून अधिक. ३१ जानेवारी २०१८ रोजी विमान पुन्हा आकाशात झेपावले आणि २०१९ साली, नॉर्मंडीच्या ७५व्या स्मृतिवर्षी, अटलांटिक ओलांडून फ्रान्सच्या किनाऱ्यावर गेले. सांगाड्याचे अवघड काम व्यावसायिक कारागिरांनी केले, हे खरे. पण पैसा, संशोधन, जुन्या सुट्या भागांचा शोध आणि त्यापुढची देखभाल हा सारा भार सामान्य नागरिकांनी उचलला.

विमानाला रंग देणे म्हणजे भिंतीला चुना फासणे नव्हे. अॅल्युमिनियमचा पत्रा पातळ असतो. वाळूचा मारा करून जुना रंग काढू गेल्यास पत्राच खराब होतो. म्हणून रसायन लावून, थर फुगवून, तो हाताने खरवडावा लागतो. खालून गंज दिसू लागतो आणि खरे काम तेथून सुरू होते. दोन पत्र्यांच्या सांध्यात दडलेली पांढरी भुकटी शोधायची, सडलेला तुकडा कापायचा, नवा पत्रा रिव्हेटने जोडायचा. या कामाला दोन माणसे लागतात. एक बाहेरून हातोडायंत्र चालवतो, दुसरा आत अंग चोरून बसतो आणि लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या टोकावर दाबून धरतो. एकाचा हात चुकला की दुसऱ्याचे काम वाया. डाकोटाच्या सुकाणूवर आणि पंखांच्या हलत्या भागांवर तर पत्राही नाही, ताणलेले कापड आहे. त्यावर रंगाचा थर वाढला तरी तोल बिघडतो, म्हणून रंगविल्यावर तो भाग पुन्हा तोलून पाहावा लागतो.

आणि शिस्त! धुण्यापुसण्याच्या वा रंगाच्या वेळी हवेचा दाब मोजणारी छिद्रे चिकटपट्टीने झाकतात. ऑक्टोबर १९९६मध्ये पेरू देशाच्या एका प्रवासी विमानावरची अशी पट्टी काढायची राहून गेली. रात्रीच्या अंधारात वैमानिकांना उंची आणि वेग यांचे खोटे आकडे दिसत राहिले, विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ७० जण गेले. ‘हौशी लोकांना विमानाजवळ कसे येऊ द्यायचे?’ असे आपले अधिकारी विचारतात, त्यामागची भीती म्हणूनच अगदीच निराधार नाही. मात्र तिचे उत्तर दरवाजा बंद करणे हे नसून प्रशिक्षण, नोंदवही आणि दुहेरी तपासणी हे आहे. शिवाय जे विमान पुन्हा उडणारच नाही, केवळ जतन करायचे आहे, त्याच्या बाबतीत तर ही भीतीही उरत नाही.

हा विषय परक्या देशाच्या कौतुकापुरता नाही. डाकोटाचे आपल्यावरचे ऋण अमेरिकेवरच्या ऋणापेक्षा कमी आहे काय? २७ ऑक्टोबर १९४७च्या सकाळी पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन डाकोटा विमाने श्रीनगरच्या कच्च्या धावपट्टीवर उतरली. त्यांचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी धारातीर्थी पडले. ती विमाने एखादा दिवस उशिरा पोहोचती, तर धावपट्टी आक्रमकांच्या हाती जाण्याचा धोका होता. पुढे मे १९४८मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी हिमालयाच्या रांगा ओलांडून, साडेअकरा हजार फुटांवरच्या लेहला डाकोटा उतरविली. ही मालवाहू विमाने. लढाऊ विमानांचा दिमाख त्यांना नाही. पण काश्मीर आणि लडाख राखण्याच्या कामी त्यांचा वाटा फार मोठा आहे.

त्या स्मृतीला २०१८मध्ये रूप मिळाले. राजीव चंद्रशेखर यांनी इंग्लंडमध्ये भंगारात निघालेली एक डाकोटा घेऊन, दुरुस्त करवून ती वायुदलाला भेट दिली. त्यांचे वडील स्वतः डाकोटाचे वैमानिक होते. कॉव्हेंट्रीहून उडत ती एप्रिलमध्ये जामनगरला पोहोचली आणि ४ मे रोजी हिंडन येथे दाखल झाली. ‘परशुराम’ हे तिचे नाव आणि व्हीपी ९०५ हा श्रीनगरला गेलेल्या त्या पहिल्या विमानाचा क्रमांक. काम स्तुत्यच आहे. पण ते एका व्यक्तीच्या निष्ठेतून आणि परदेशी कारागिरांच्या हातून झाले, समाजाच्या हातून नव्हे. ही उणीव मनात सलते.

समाजाच्या हातून काय झाले, हे मुंबईकरांना ठाऊक आहे. १९७१च्या युद्धात पराक्रम गाजविणारी ‘विक्रांत’ १९९७मध्ये सेवानिवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४मध्ये सुमारे ६० कोटींना विकली जाऊन दारूखान्यात तोडली गेली. हळहळणारे पुष्कळ होते. हातात ब्रश वा पाना घेऊन जहाजावर जाण्याची सोय मात्र कोणी निर्माण केली नाही, आणि आपणही ती हट्टाने मागितली नाही.

याच महाराष्ट्रात दर रविवारी शेकडो तरुण स्वखर्चाने गडावर जातात, टाक्यांतला गाळ उपसतात, ढासळलेल्या पायऱ्या मोकळ्या करतात, मातीत रुतलेल्या तोफा वर काढून लाकडी गाड्यांवर बसवितात. २०२५मध्ये शिवकालीन १२ दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्याआधी अनेक वर्षे हे हात राबत होते. त्यातील कित्येक जण कारखान्यांत फिटर, वेल्डर, रंगारी आहेत. त्यांना चौकात खांबावर उभ्या केलेल्या विमानाचा गंज दिसत नसेल काय? दिसतो. पण त्या विमानाला हात लावायचा तर अर्ज कोणाकडे करायचा, हेच ठाऊक नसते. मग एखाद्या समारंभाच्या तोंडावर गंजावरच नवा रंग चढतो आणि आत पत्रा सडत राहतो.

आता पुन्हा एकदा वेळ आली आहे. १९६१पासून कानपूरला जुळणी झालेली अॅव्हरो मालवाहू विमाने वायुदलातून जात आहेत आणि त्यांची जागा सी-२९५ घेत आहेत. सप्टेंबर २०२१च्या करारानुसार अशी ५६ विमाने यावयाची असून त्यांतील ४० वडोदऱ्याला बनणार आहेत. भारतात जुळणी झालेले पहिले वाहतूक विमान जेव्हा शेवटचे उतरेल, तेव्हा त्याचे काय होणार, हे आजच ठरायला हवे. निदान एक अॅव्हरो छपराखाली, तिच्या देखभाल-नोंदींसह, नागरिकांच्या एखाद्या नोंदणीकृत गटाकडे सोपवावी. निवृत्त वायुसैनिक आणि तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी मिळून ती जपतील. पुण्यासारख्या शहरात दोन्ही विपुल आहेत. छप्पर, वीज, पाणी आणि एक कुलूपबंद हत्यारांची खोली एवढी तरतूद शासनाने करावी. रविवारचे हात कमी पडणार नाहीत.