दोन मुखांचे नाणे

रोमच्या इतिहासात डियाडुमेनियन या राजपुत्राच्या वाट्याला अवघे चौदा महिने आले. परंतु आजच्या बल्गेरियात देव्न्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मार्सियानोपोलिस नगरीच्या टांकसाळीने तेवढ्या अवधीत त्याची मुद्रा तांब्यावर इतक्या सढळ हाताने उमटविली की, संग्राहकाला ती नाणी आजही दुर्मीळ नाहीत.

इ. स. 217 च्या एप्रिलात सम्राट कॅराकॅलाचा वध झाला आणि त्याच्याच अंगरक्षक दलाचा अधिपती मॅक्रिनस गादीवर बसला. राजकुळाशी नाते नाही, सेनेटमध्ये आसन नाही, अशा या गृहस्थाने आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, डियाडुमेनियनला, युवराज केले आणि सैनिकांना प्रिय असलेले ‘अँटोनिनस’ हे नावही त्याला जोडले.

नाणे हातात घ्यावे, तो डावीकडे पर्णमुकुट धारण केलेला दाढीवाला बाप, उजवीकडे उघड्या मस्तकाचा मुलगा, दोघे समोरासमोर. भोवती ग्रीक अक्षरे, आणि काठावर न मावलेली अक्षरे मुखांच्या खाली. पाठीवर सर्प, सेरापिस वा दुसरी एखादी देवता, सुभेदार पाँटियानसचे नाव, आणि मोकळ्या जागेत एकटे एप्सिलॉन: किंमत पाच असारिया.

ही मुखे पाहून संग्राहकांना पितृवात्सल्याचे भरते येते. ते मला पटत नाही. मार्सियानोपोलिसच्या टांकसाळीत पाच असारियांच्या नाण्यावर दोन मुखे ठोकण्याचा रिवाज मॅक्रिनसच्या आधीचा आहे. कॅराकॅलाच्या अमदानीत तेथे तो स्वतः आणि त्याची माता ज्युलिया डोम्ना असेच समोरासमोर बसले होते. बाजारात एप्सिलॉन वाचता न येणाऱ्यालाही दोन मुखांवरून नाण्याची किंमत कळत असावी, असा माझा तर्क आहे. कारागिराला दुसरे मुख हवे होते. दरबाराने ते पुरविले.

218 च्या जूनमध्ये अँटिओकजवळ मॅक्रिनसचा पराभव झाला, आणि पार्थियाच्या आश्रयाला पाठविलेला, तोवर ‘ऑगस्टस’ पदापर्यंत चढविलेला मुलगा झ्यूग्माजवळ पकडला जाऊन मारला गेला. रोमच्या सेनेटने दोघांचीही स्मृती निषिद्ध ठरविली. मार्सियानोपोलिसची टांकसाळ मात्र थांबली नाही: नवा सम्राट एलागाबालस आणि त्याची आजी ज्युलिया मीसा त्याच पाच असारियांच्या नाण्यावर समोरासमोर आले.